सत्तावीसजणींमध्ये यम्ना

जहूर मुकादमची दोन मुलं अमिरातीतल्या उम्म अल कुवैनमध्येच शिकत होती, पण दोन वेगळ्या देशांत शिकत असावीत तशी.

थोरला फहद नववीत, खासगी इंडियन स्कूलमध्ये. त्याच्या वर्गात चौतीस मुलं आणि चौतीसही भारतीय: एकोणीस मल्याळी, बाकी तमिळ, हैदराबादी, दोन गुजराती आणि हा एकटा रत्नागिरीचा. जन्मापासून इथेच राहून त्याला एकही अरब मित्र नव्हता, आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं.

धाकटी यम्ना सहावीपर्यंत त्याच शाळेत होती. मग जहूरने तिला सरकारी शाळेत घातलं. तिथे बहुतेक सगळी इथल्याच लोकांची मुलं. बाहेरच्यांना थोड्याशा जागा, त्याही मार्क चांगले असतील तर. यम्नाला अरबीत अठ्ठ्याण्णव होते. जहूरचं टायपिंग सेंटर होतं, दिवसभर लोकांचे अर्ज अरबीत करून द्यायचे. "इथे राहायचं तर भाषा हवी," तो म्हणायचा. "माझी कामापुरती आहे. पोरीची तरी पुरी होऊ दे."

त्याच्या बायकोला, साजिदाला, हे पटलं नव्हतं. सातवीच्या त्या वर्गात सत्तावीस मुली: चोवीस इथल्या, एक येमेनी, एक सुदानी आणि यम्ना.

"यू आर द ओन्ली वन," फहद चिडवायचा.

"सो व्हॉट?" यम्ना म्हणायची.

साजिदा रोज विचारायची, "मैत्रिणी झाल्या का गं?" आणि यम्ना रोज म्हणायची, "येस अम्मी, लॉट्स."

दोन महिन्यांनी पालकसभा आली. मुलींची शाळा, त्यामुळे बायकांनीच यायचं. साजिदाला अरबी येत नव्हतं. तिने ठेवणीतला ड्रेस घातला आणि यम्नाला दुभाषी म्हणून सोबत घेतलं.

वर्गशिक्षिका शमसा मिस बराच वेळ बोलल्या. आवाज मऊ होता, पण चेहऱ्यावर काळजी होती. बोलता बोलता त्यांनी यम्नाच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय म्हणतात?" साजिदाने विचारलं.

"शी सेज आय ॲम डूइंग व्हेरी वेल. अँड आय हॅव मेनी फ्रेंड्स."

"शुक्रन, मिस, शुक्रन," साजिदा म्हणाली. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं.

यम्ना बाटली भरायला गेली आणि साजिदा व्हरांड्यात थांबली, तेवढ्यात काळ्या पायघोळ अबायातल्या एक आजी तिच्याजवळ आल्या. मघाशी त्या मागच्याच बाकावर बसल्या होत्या.

"बहन, तुम्हारा लड़की ने टीचर का बात गलत बोला," त्या म्हणाल्या.

साजिदाने आधी विचारलं, हिंदी कुठे शिकलात? आजींचे वडील मोत्यांचा व्यापार करायला मुंबईला जायचे. लहानपणी दोन वर्षं त्याही तिथे राहिल्या होत्या, हिंदी तिथलंच. त्यांचं नाव मोझा. नात शम्मा यम्नाच्याच वर्गात.

"टीचर बोला, पढ़ाई में नंबर वन. लेकिन बीच का छुट्टी में अकेला बैठता है, लायब्ररी में. रोज." मग आजींनी साजिदाचा हात धरला. "उसको डाँटना मत. मेरा नंबर लिखो."

पार्किंगमध्ये साजिदाने गाडी चालू केलीच नाही.

"यम्ना, मिस खरं काय म्हणाल्या?"

यम्ना रडायला लागली. तिचं अरबी पुस्तकातलं होतं. पाणी हवं असलं की ती म्हणायची, "उरीदु माअन." पण इथे घराघरात असं कुणीच बोलत नाही; वर्गातल्या मुली म्हणतात, "अबा माय." तिने तोंड उघडलं की त्या हसायच्या. टीव्हीवरच्या बातम्या लागल्या म्हणायच्या.

"मग मला सांगायचं नाही?"

"तू मला भाईच्या स्कूलमध्ये परत टाकलं असतंस. आय वॉन्ट टू स्टे, अम्मी. आय लाइक इट. मला फक्त बोलता येत नाही."

घरी येऊन साजिदा जहूरवर उखडली. "हौस तुमची, आणि भोगतेय माझी पोर!"

जहूरने ऐकून घेतलं. "काढायचं तर उद्या काढू. पण ती काय म्हणाली ते तूच सांगितलंस ना मला?"

साजिदा रात्रभर तळमळली. सकाळी तिने मोझा आजींना फोन लावला.

शनिवारी मायलेकी सांदणांचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेल्या. आजींनी गहवा, इथली वेलदोड्याची कॉफी, ओतला, खजूर पुढे केले आणि सांदण तोंडात टाकलं. मग दुसरं. तिसरं घेताना म्हणाल्या, "ये हर शनिवार लाना."

शम्मा कोपऱ्यात फोन घेऊन बसली होती. यम्नाने हळूच तिच्या पुस्तकी अरबीत पाणी मागितलं आणि शम्मा फिस्सकन हसली. आजी अरबीत कडाडल्या, मग साजिदाकडे वळून हिंदीत म्हणाल्या, "मैंने बोला, तुम गणित में फेल होता है, तब ये हँसता है क्या?"

शम्माचे कान लाल झाले. थोड्या वेळाने तिने स्वतः ग्लास आणून यम्नासमोर धरला, पण लगेच दिला नाही.

"अबा माय," ती म्हणाली.

"अबा माय," यम्ना म्हणाली, आणि मग ग्लास मिळाला.

त्या दिवशी आणखी वीसेक शब्द झाले आणि अपूर्णांकांची चार गणितं. पुढच्या शनिवारी शम्मानेच वही काढली. डिसेंबरपर्यंत यम्नाचं लायब्ररीत बसणं सुटलं. सगळा वर्ग काही तिचा झाला नाही, पण चौघीजणी झाल्या, आणि चौघी पुष्कळ असतात.

फेब्रुवारीत फहदच्या शाळेचा ॲन्युअल डे होता. शम्मा म्हणाली, मलाही यायचंय.

हॉल खच्चून भरला होता. साड्या, गजरे, स्टेजवर केरळी ढोल, चेंडा, वाजत होता. शम्मा दारातच थबकली.

"कुल्हुम हनूद?" तिने विचारलं. सगळेच इंडियन?

"सगळे," यम्ना म्हणाली.

शम्माने तिचा हात घट्ट धरला. आत जागा धरून बसलेल्या साजिदाने ते पाहिलं. ती उठली, एक खुर्ची सरकली आणि शम्माला आपल्या आणि यम्नाच्या मध्ये बसवलं. पुढच्या ओळीतल्या बाया वळून बघायला लागल्या, तशी म्हणाली, "हमारी बच्ची है."

मध्यंतरात फहद मेकअपसकट खाली आला. मागे त्याचा मित्र नीरव.

"आंटी, इज शी रिअली फ्रॉम हिअर?" नीरवने कुजबुजत विचारलं. तोही इथेच जन्मलेला.

"हो रे बाबा. जा, तिच्यासाठी काहीतरी खायला आण."

दोघं धावले आणि हिरव्या चटणीत बुडालेले समोसे घेऊन आले. पहिल्या घासाला शम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. यम्ना घाबरून प्लेट काढून घ्यायला लागली, तर शम्माने ती आपल्याकडे ओढली आणि यम्नाकरवी साजिदाला विचारलं, आजीसाठी दोन बांधून मिळतील का?