आजीची रजा

उझोमाची बाळंतपणाची रजा मी अशी चोख आखली होती की माझं मलाच कौतुक वाटत होतं. एनुगू शहरात सकाळी न्याहारीला ओकपा, म्हणजे कडधान्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, लागतो म्हणजे लागतोच, आणि आमच्या टपरीवर तो करणाऱ्या दोघीच, उझोमा आणि तिची आई. आईला आम्ही सगळेच नने म्हणतो. उझोमा गेली की ओकपाचं पीठ नने भिजवणार, केळीच्या पानांत मी बांधणार. उझोमाचा पगार चालू, जागा राखलेली.

"निर्धास्त जा," मी तिला म्हटलं. माझी लेक नुकतीच रांगायला लागली होती. त्या दिवसांत हा एक शब्द किती हवा असतो, ते मला ठाऊक होतं.

मग एका सकाळी नने गातच आल्या. गळ्याला पांढरी पावडर फासलेली, म्हणजे बाळ झालं! मीही नाचले, गळा पुढे केला, त्यांनी मलाही पावडर फासली. आणि मग त्यांच्या हातातल्या बोचक्याकडे माझं लक्ष गेलं. आत सुका मासा, कंद, बाळंतिणीच्या तिखट रश्श्याचा मसाला.

"नने, हे घेऊन कुठे?"

"कुठे म्हणजे? ओमुग्वोला! लेक बाळंत झाली, तर आईने जायला नको? तिचं पोट कोण शेकणार, तू?"

लेकीमागोमाग आईही जाणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पण मग ओकपा?"

"मालकीणबाई, तुझी आई ओमुग्वोला आली, ती गेली का गं अजून?"

आई अजून माझ्याच घरी होती. तिच्या पाठवणीचं कापड मी केव्हाच आणलं होतं, पण ते हातात दिलं की ती गावी निघणार. म्हणून कपाटात तळाशी दडवलं होतं.

"जा नने," मी म्हटलं. "तुमचाही पगार चालू."

दुसऱ्या दिवशी पीठ मीच भिजवलं. पाणी कमी पडलं, ओकपाचा दगड झाला.

"मॅडम," रिक्षावाला ओन्येका म्हणाला, "हे खायचं की चाकाखाली लावायचं?"

मग एके दिवशी पाणी जास्त झालं. "आज पेला द्या," तो म्हणाला, आणि समोरच्या टपरीवर गेला. त्याच्यामागून आणखी चौघं. असंच चाललं तर दोघींना पगार कुठून द्यायचा, या विचाराने माझी झोप उडाली.

तेवढ्यात एका सकाळी टपरीवर उझोमाचा फोन. "मॅडम, गिऱ्हाइकं तुटतायत म्हणे. बाळाला पाठीला बांधून येऊ का मी? म्हणजे माझी जागा..."

खरं सांगते, 'ये' हा शब्द जिभेवर आला होता. पण पलीकडे तिचं बाळ टाहो फोडून रडलं, आणि इकडे मला पान्हा फुटला. झगा ओला झाला.

"कोण म्हणतं? ओकपा झकास होतोय!" मी ठोकून दिलं. "तुझी जागा तुझीच आहे. रजा संपायच्या आत इकडे फिरकलीस, तर बघ!"

फोन ठेवला, तर दारात आई. कडेवर नात.

"झकास?" तिने पातेल्यात बोट बुडवलं, चाटलं, आणि तोंड वाकडं केलं. "कुणाच्या मयताला करतेस हे? मला का नाही विचारलंस?"

"ओमुग्वोला आलेल्या आईला टपरीवर राबवलं, तर लोक काय म्हणतील?"

"लोक? लोक खातील! धर पोरीला."

दुसऱ्या दिवशी ओन्येका एक शब्द न बोलता खात होता. संपल्यावर पान चाटलं, आणि रिक्षातल्या प्रवाशाला ओरडून म्हणाला, "थांबा हो, अजून एक घेतो!"

मी हसत आत वळले आणि थबकले. चुलीपाशी आई. कमरेला निळंशार, कोरं कापड. तेच.

"आई! ते तर..."

"कपाटात सापडलं. मऊ आहे हो." आणि माझ्या डोळ्यांदेखत तिने पाम तेलाने माखलेले दोन्ही हात त्यालाच पुसले. निळ्यावर दहा लाल बोटं उमटली.

"अरेरे," ती अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाली, "आता असलं डागाळलेलं कापड देऊन कुणी आईची पाठवणी करतं का? बघ बाई, नवं घ्यावं लागेल तुला. नने परत आल्यावर घे सावकाश. आता पानं बांध."