माझे चुकलेले तीन अंश

मित्रांनो, मी दिवसरात्र आडवा पडून असतो, पण म्हणून मला आळशी समजू नका. माझे कामच आडवे पडून करायचे आहे. मी एक जुना तापमापक आहे. रात्रीत थंडी किती खाली उतरली, एवढे एकच सांगणारा.

एका काच फुंकणाऱ्या कारागिराने मला घडवले. त्याने माझ्या पोटात पाऱ्याऐवजी स्पिरिट भरले आणि त्यात टाचणीहून बारीक अशी एक काळी काडी सोडली. थंडी वाढली की स्पिरिट आकसते आणि मागे सरताना त्या काडीला ओढत नेते. ऊन आले की स्पिरिट पुढे पळते, काडीला मात्र आहे तिथेच सोडते. त्यामुळे सकाळी तुम्ही कितीही उशिरा उठा, पहाटेची सगळ्यात थंड घटका काडीच्या टोकाशी तुमची वाट पाहत असते.

मला घरी आणले ते एका नर्सबाईंनी. गावात सगळे त्यांना सिस्टर म्हणत, निवृत्त झाल्यावरही म्हणत. लोक अंगणात गुलाब लावतात, सिस्टरांनी मला लावले. चार पायांवर उभी, तिरप्या फळ्यांची पांढरी पेटी त्यांनी सुताराकडून करून घेतली. वारा आत यावा, पण ऊन आणि बर्फ येऊ नये, अशी. पेटीच्या दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवले, ‘हात लावू नये’, आणि खाली जरा लहान अक्षरांत, ‘भावानेसुद्धा’.

रोज सकाळी सातला त्या येत. दार उघडत, श्वास रोखून धरत, वाकून काडीचे टोक पाहत. श्वास का रोखायचा? तर माणसाच्या उबेनेसुद्धा मी चळतो म्हणून. आकडा वहीत लिहिला की मला हळूच तिरका करून काडी पुन्हा स्पिरिटच्या टोकाला आणत आणि मला निजवून दार लावत. ताप आला तरी आल्या, हात प्लॅस्टरमध्ये असताना डाव्या हाताने लिहिले. एकोणतीस वर्षांत त्यांनी एक सकाळ चुकवली नाही. एवढी काळजी तर, खरे सांगतो, त्या स्वतःच्या गुडघ्यांचीही घेत नसत.

त्यांचा धाकटा भाऊ प्लंबर होता. तो शेजारच्याच घरात राहायचा आणि कामावर निघण्यापूर्वी चहाचा कप घेऊन कुंपणाशी यायचा. त्याचा प्रश्न ठरलेला.

“काय ताई, तापली का पृथ्वी?”

“तापतेय. तुझं डोकं तेवढं थंड आहे.”

“अगं, लोकांचे पाइप फुटताहेत गोठून! रोज सात-सात घरं करतोय मी. जरा माझ्याबरोबर चल आणि त्यांना सांग तुझं ते हवामानबदलाचं.”

“हे बघ, पेशंटचा ताप एका दिवशी उतरला म्हणून आम्ही त्याला घरी धाडत नाही. खाटेला तक्ता लावलेला असतो, तो बघतो. तू मला आजचा ताप सांगतोयस. मी तक्त्याबद्दल बोलतेय.”

आणि तक्ता त्यांच्याकडे होता. सुरुवातीच्या पाच वर्षांत दर हिवाळ्याला सरासरी एकसष्ट रात्री पाणी गोठत होते. गेल्या पाच वर्षांत ती सरासरी चव्वेचाळीसवर आली होती. भाऊ म्हणायचा, “एका परसातल्या पेटीवरून जगाचं काय ठरतंय!” यावर सिस्टर म्हणायच्या, “एकीवरून नाहीच ठरत. म्हणून तर माझी पेटी बाकीच्यांत मिळवायचीय.” हीच त्यांची एकमेव हौस होती. हवामान कार्यालयाने त्यांच्या नोंदी आपल्या दप्तरात घ्याव्यात, म्हणजे त्या नसतानाही वही कुणाच्या तरी उपयोगी पडेल. या वर्षी कार्यालयाने होकारही दिला होता. फक्त नोंदी एकदा तपासून घेऊ म्हणाले होते.

नेमका त्याच वर्षी हिवाळा कडाक्याचा पडला.

सुरुवातीलाच एक दिवस सिस्टर नवा चष्मा आणायला बाजारात गेल्या होत्या. भाऊ त्यांच्या बाहेरच्या नळाला गोणपाट गुंडाळायला शिडी घेऊन आला. अंगण निसरडे झाले होते. त्याचा पाय सरकला आणि शिडीचे टोक माझ्या पेटीवर असे आदळले की मी आतल्या आत हादरलो. माझे स्पिरिट तुटले. एक छोटा थेंब उडून नळीच्या पार शेवटाला जाऊन चिकटला, जिथे मला धरून ठेवणारी पितळी पट्टी आहे. पट्टीखाली तो कुणाला दिसणार? भावाने दार उघडून पाहिले, काच शाबूत आहे म्हणून हुश्श केले, दार लावले आणि गोणपाट गुंडाळून निघून गेला. ताई ओरडेल म्हणून बोलला नाही, एवढेच. मनाने तो वाईट नव्हता.

पण मित्रांनो, तेवढा थेंब कमी झाल्याने त्या दिवसापासून मी तीन अंश खाली दाखवू लागलो. उणे चार असले की माझी काडी उणे सातवर. सिस्टर नवा चष्मा लावून यायच्या, श्वास रोखून, वाकून अगदी बरोबर वाचायच्या आणि चूक लिहायच्या. मला कळत होते. मला तोंड नाही, हात नाही, साधे वळवळताही येत नाही. दुसऱ्याने खरे समजावे म्हणून जन्माला घातलेल्या वस्तूला खोटे बोलावे लागणे किती वाईट, ते मी पुढच्या अडतीस सकाळींत शिकलो.

त्यांतल्या एका सकाळी मी उणे बारा दाखवले. खरे उणे नऊच होते. सिस्टरांनी तीनदा पाहिले. एकोणतीस वर्षांत उणे दहाच्या खाली कधी गेले नव्हते. हा आकडा भावाच्या बाजूने बोलणार हे त्यांना कळत होते, तरी त्यांनी तो लिहिला, आणि कुंपणापलीकडे उभ्या भावाला स्वतःहून सांगितला.

भावाच्या आनंदाला पारावार राहिला नाही. “सगळ्यात थंड सकाळ! तीसुद्धा तुझ्याच वहीत!” त्या आठवड्यात तो ज्या ज्या घरी पाइप जोडायला गेला, तिथे तिथे त्याने उणे बाराची दवंडी पिटली.

मग कार्यालयाचे पत्र आले. आसपासच्या दोन्ही केंद्रांपेक्षा तुमचे या हिवाळ्यातले आकडे तीन अंशांनी खाली आहेत. आमचा माणूस येऊन तपासणी करेल. सिस्टरांनी पत्र पेटीजवळ उभे राहूनच भावाला वाचून दाखवले. भाऊ कपातला चहा हलवत राहिला. त्याला शिडी आठवली होती, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसले. सिस्टरांना दिसले नाही. त्यांचे डोळे कागदावर होते.

तपासनीस येणार त्याच्या आदल्या दुपारी सिस्टर घरात वह्या वर्षवार लावत होत्या. भाऊ पाऊल न वाजवता आला. त्याने पितळी पट्टीचा स्क्रू सोडवला, मला उजेडात धरले आणि तो अडकलेला थेंब पाहिला.

“हात्तिच्या! हवा धरलीय होय,” तो पुटपुटला.

प्लंबरच तो. पाइपात हवा धरली की पाणी पुढे जात नाही, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक? त्याने मला दोन बोटांत धरून, मनगटाने हलके हलके झटकले. थेंब घरंगळत येऊन स्पिरिटला मिळाला. किती बरे वाटले म्हणून सांगू! महिनाभर रुतलेला काटा निघावा तसे. पण पुढच्याच क्षणी माझ्या लक्षात आले की हा माणूस काय करून बसला. ‘अरे, तुझ्या ताईला हाक मार! तिला तो थेंब आधी दाखवायचा होतास!’ असे मी ओरडलो असतो. तो मात्र खूश होता. “चला, आता साहेबाला बरोबर दिसेल. ताईचं नाव राहील,” म्हणत त्याने स्क्रू आवळला.

तपासनीस सभ्य माणूस होता. त्याने आपला नवा कोरा तापमापक रात्रभर माझ्या शेजारी ठेवला. सकाळी पाहतो तर त्याचा आणि माझा आकडा तंतोतंत एक. त्याने सिस्टरांना वाचायला सांगितले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना श्वास रोखता आला नाही. चष्म्यावर वाफ धरली आणि त्या एका अंशाने चुकल्या.

“चष्मा कधी बदललात?” त्याने विचारले.

“याच हिवाळ्यात.”

“त्याआधी कमी दिसत होतं?”

“हो, म्हणूनच तर बदलला...” आणि त्या थांबल्या. “म्हणजे, कमी दिसत होतं.”

तो हळू आवाजात म्हणाला, “उपकरण ठणठणीत आहे, सिस्टर. चूक वाचण्यात होतेय. आणि ती केव्हापासून होतेय, हे आता कोण सांगणार? आम्हाला या नोंदी घेता येणार नाहीत.”

केव्हापासून, ते मी सांगितले असते. दिवस सांगितला असता, वेळ सांगितली असती. फक्त अडतीस सकाळी वाईट, बाकीच्या दहा हजारांवर सकाळी सोन्यासारख्या! पण मी बरोबर तापमान दाखवत गप्प पडून होतो, आणि माझे बरोबर असणेच त्यांच्या मुळावर आले होते. भाऊ तीन हातांवर उभा होता.

बोलायला त्याला चार दिवस लागले. शिडी, थेंब, स्क्रू, सगळे त्याने पेटीजवळ उभे राहून सांगितले. बोलताना तो रडत होता. सिस्टरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“लहानपणीही तू असाच होतास. माझ्या हातून कप फुटला की ‘मी फोडला’ म्हणून आईसमोर जाऊन उभा राहायचास.”

“ताई, या वेळी खरंच मीच...”

“तेव्हाही असंच म्हणायचास.”

तो पितळी पट्टी दाखवत राहिला. पट्टीखाली आता काहीच नव्हते.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. आम्हाला धक्का लागला तर लपवू नका, त्याच दिवशी सांगा. आणि आमची चूक सापडली तर ती पुसण्याआधी, जिच्या नावावर ती जमा होणार आहे तिला एकदा दाखवा. आम्ही वस्तू आहोत. कुणाच्या बाजूने साक्ष देणे आम्हाला जमत नाही.

आता रोज सकाळी भाऊ येतो आणि वाचतो. सिस्टर बाजूला उभ्या राहून त्याने सांगितलेला आकडा लिहितात, आणि त्यापुढे त्याचे नाव. काल तो बुटांवरचा बर्फ झटकत मागे राहिला, तेव्हा सवयीने सिस्टरच वाकल्या. श्वास रोखला. “उणे तीन पूर्णांक चार,” त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या.

बरोबर होते, मित्रांनो. अगदी बरोबर होते.

मग त्या सरळ झाल्या, पेन्सिल हातात धरून बाजूला सरकल्या आणि भावाला म्हणाल्या, “बघ रे, किती आहे?”