लिफ्टमधला तास

नववीचा गृहपाठ तपासताना विज्ञानाच्या बाईंना आधी आनंद झाला, मग संशय आला आणि शेवटी हसू फुटलं. प्रश्न होता: वजनकाट्यावर उभं राहून लिफ्टने वर गेलं, तर काटा काय दाखवेल आणि का? दरवर्षी या प्रश्नाला निम्मा वर्ग गडबडायचा. यंदा एकूण एक उत्तर बरोबर. लांबू म्हणून सगळे ज्याला ओळखत, त्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला स्वतःच्या आडनावातली वेलांटी कधी धड जमली नव्हती. त्यानेही लिहिलं होतं, ‘लिफ्टला ऊर्ध्व दिशेने त्वरण असताना आभासी वजनात वृद्धी होते.’

शिक्षकांच्या खोलीत बाईंनी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं.

“एआय,” गणिताचे सर चहात बिस्किट बुडवत म्हणाले. “माझ्याकडेही तेच. वर्गात सतरा अधिक आठला अडतात आणि घरून मात्र पायऱ्यांसकट समीकरणं सोडवून आणतात. मोठ्या बाई सूचना काढणार आहेत म्हणे. घरी एआय वापरायला बंदी.”

“घरी? घरोघरी बघायला कोण जाणार?”

“ते त्यांना विचारायची माझी टाप नाही,” असं म्हणेपर्यंत सरांचं बिस्किट चहात बुडालं.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. आवाज भारदस्त, बांधा भारदस्त आणि शाळेच्या पाचही मजल्यांवर दरारा. त्यांच्या चपलांचा आवाज आला की गोंगाट करणारा वर्गसुद्धा चिडीचूप व्हायचा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी लांबूला उभं केलं. “छान लिहिलंयस. आता सांग, आभासी वजन म्हणजे काय?”

लांबूने छताकडे पाहिलं, मग खिडकीकडे. “बाई, म्हणजे... वजन असल्याचा आभास होतो.”

“आणि खरं तर नसतं?”

“असतं. पण आभासही होतो.”

वर्गात हशा पिकला. लांबूचे कान लाल झाले. बाई मात्र त्याला हसल्या नाहीत. त्यांनी वर्गभर नजर फिरवली. “बाकीच्यांपैकी कोण सांगतंय?” तसं हसणं एकदम थांबलं. पुढच्या बाकावरची, कशावरही वाद घालते म्हणून ‘वकील’ नाव पडलेली मुलगीसुद्धा पेन्सिलीला टोक करायला लागली.

“चला,” बाई म्हणाल्या, “लिफ्टमध्ये जाऊन बघू.”

शाळेची लिफ्ट शिक्षकांसाठी आणि पाय दुखावलेल्यांसाठी होती. त्यामुळे लिफ्टमध्ये जायचं म्हटल्यावर मुलांच्या अंगात वारं शिरलं. बाईंनी प्रथमोपचाराच्या खोलीतून वजनाचं डिजिटल यंत्र आणलं, गट पाडले आणि पहिल्या गटासोबत आत शिरल्या. वकील यंत्रावर उभी राहिली. पंचेचाळीस. दार बंद झालं, लिफ्ट निघाली, पण आकडा काही हलेना. पाचव्या मजल्यापर्यंत पंचेचाळीस, खाली येईपर्यंत पंचेचाळीस.

“एआय चुकला!” मुलं ओरडली. ज्याच्या जिवावर गृहपाठ केला, तोच तोंडघशी पडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावेना.

बाईंना मात्र घाम फुटला. इतकी वर्षं हा धडा त्यांनी फळ्यावर बाण काढून शिकवला होता. लिफ्टमध्ये काटा ठेवून बघायचं कधी सुचलंच नव्हतं.

“बाई, असं का झालं?” वकिलीणबाईंनी उलटतपासणी सुरू केली.

“मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या.

मुलं त्यांच्याकडे बघतच राहिली. बाईंच्या तोंडून हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. तेही अगदी खुशीत म्हटलेलं.

बाईंनी आपला फोन वकिलीणबाईंच्या हातात दिला. “विचार एआयला. पण एक अट. नुसतं उत्तर मागायचं नाही. आपण काय केलं, काय झालं ते नीट सांगायचं आणि ‘तूच आम्हाला प्रश्न विचार’ असं म्हणायचं.”

तिथेच जिन्यात बसून सगळ्यांनी मिळून मजकूर रचला. काय झालं ते नेमकं लिहिताना अर्धा वाद झाला. लिफ्ट निघायच्या आधी आकडा आला होता की नंतर? “आधी,” लांबू म्हणाला, “आकडा टिक करून थांबला आणि मग दार लागलं.” तेही लिहिलं.

एआयने उलट विचारलं, ‘आकडा थांबल्यावर, यंत्रावरून न उतरता, जड दप्तर हातात घेतलं तर काय होतं?’

लगेच प्रयोग झाला. वकील यंत्रावर उभी राहिली आणि आकडा थांबल्यावर लांबूने तिच्या हातात आपलं दप्तर ठेवलं. ती वाकलीच, पण आकडा पंचेचाळीसच राहिला.

“हे झोपलंय!” लांबू ओरडला. “एकदा आकडा आला की झोपतं! मग लिफ्टमध्ये काय कळणार त्याला, कप्पाळ!”

“मग कसला काटा हवा?” बाईंनी विचारलं.

“सुईवाला,” दोघं-तिघं एकदम म्हणाली. “जागा राहणारा.”

सुईवाला काटा बाईंच्या घरीच होता, सासूबाईंचा. त्यांनी तो मागितला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “ने गं बाई ने. मेला मुद्दाम जास्त दाखवतो. आणि परत आणायची घाई करू नकोस.”

पुढच्या तासाला वकील पुन्हा काट्यावर चढली. बाकीचे गुडघे टेकून सुईभोवती बसले. लिफ्ट निघाली आणि सुई टुणकन पन्नासच्या जवळ गेली. मुलांनी अशी आरोळी ठोकली की वरच्या मजल्यावरच्या वर्गांनी दारातून डोकी बाहेर काढली.

पण लांबूच्या कपाळावर आठी होती. “बाई, परत एकदा.”

पुन्हा खाली, पुन्हा वर. तो जमिनीला जवळजवळ नाक लावून बघत होता.

“बाई, मध्ये काहीच नाही! निघताना वाढतं. मग मध्ये नेहमीचंच, पंचेचाळीस. आणि थांबताना तर कमी होतं! मग लिफ्ट वर गेल्यावर वजन वाढतं असं कसं म्हणायचं?”

“तू काय लिहिलं होतंस?”

लांबूने आठवून आठवून म्हटलं, “लिफ्टला ऊर्ध्व दिशेने त्वरण असताना...” आणि तो थांबला. “त्वरण असताना! वेग वाढत असताना! म्हणजे नुसतं वर जाण्याचा संबंध नाही. वेग बदलला पाहिजे! अहो बाई, हे तर मी आधीच लिहिलं होतं!”

“लिहिलं होतंस खरं,” बाई म्हणाल्या.

तेवढ्यात पाचव्या मजल्यावर दार उघडलं. समोर मोठ्या बाई.

गुडघ्यावर बसलेली मुलं तशीच गोठली. काट्यावरची वकील खाली उतरायची विसरली.

“हा काय प्रकार आहे?”

बाईंनी तोंड उघडलं, पण लांबूच बोलून गेला, “मोठ्या बाई, तुम्ही बघा ना! खाली जाताना वजन कमी होतं!”

मोठ्या बाईंनी काट्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, काट्याकडे पुन्हा पाहिलं.

“कमी होतं?”

“हो. थोडा वेळ.”

त्या आत आल्या. चपला बाजूला काढल्या. “सगळ्यांनी छताकडे बघायचं. खाली कोणी पाहिलं तर गाठ माझ्याशी आहे.”

सगळी तोंडं वर झाली. लिफ्ट निघाली.

“अगंबाई! झालं की कमी!” तो आवाज मोठ्या बाईंचा होता यावर कोणाचा विश्वास बसेना.

“किती झालं, मॅडम?” बाईंनी छताकडे बघतच विचारलं.

“किती ते सोडा. कमी झालं.” मग लिफ्ट थांबू लागली. “हे काय? वाढलं! याला म्हणावं काय?”

लांबूने छतावरची नजर न हलवता समजावलं. मोठ्या बाईंनी मध्येच अडवून विचारलं, “मग वर जाताना थांबलो तर का कमी होतं? थांबणं तर दोन्हीकडे सारखंच.” लांबू गोंधळला. त्याने तळहाताची लिफ्ट केली, वर नेली, थांबवली, खाली नेली, थांबवली. “वर जाताना आपण पुढे जायला बघतो, लिफ्ट मागे राहते, म्हणून पायाखालचा जोर कमी. खाली जाताना लिफ्ट आपल्याला अडवते, म्हणून जास्त.” त्याने हे वाक्य कुठेही वाचलेलं नव्हतं.

मोठ्या बाई चपला घालून बाहेर पडल्या. दोन पावलं गेल्या आणि वळल्या. “पुढच्या आठवड्यात पाचवीला हे कोण शिकवेल?”

लांबूचा हात वर गेला. वर्गात त्याचा हात वर गेलेला बाईंनी त्याआधी पाहिला नव्हता.

बंदीच्या सूचनेची चौकशी गणिताच्या सरांनी केली, तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, “घरी कोणालाही विचारू देत. शाळेत आल्यावर मात्र उभं राहून समजावता आलं पाहिजे. तुमच्याही तासाला.” सर त्या दिवसापासून गणितासाठी काहीतरी शोधत शाळाभर हिंडताना दिसू लागले. एकदा तर त्यांच्या हातात जिना मोजायची फीत होती.

पाचवीची लहानशी टोळी लिफ्टमध्ये शिरली तेव्हा बाई मुद्दाम बाहेर, चौथ्या मजल्यावर थांबल्या. तळमजल्यावरून वर आणि वरून खाली असे आनंदाचे चीत्कार जात-येत होते. एकदा बाईंसमोर दार उघडलं, तेव्हा दोन वेण्यांची एक चिमुरडी लांबूला विचारत होती, “दादा, लिफ्टची दोरी तुटली तर काटा काय दाखवेल?”

लांबूला उत्तर येत होतं, अगदी ओठावर आलं होतं. बाईंनी ते ओठांवर पाहिलं. त्याने ते कष्टाने गिळलं, उकिडवा बसला आणि विचारलं, “तुला काय वाटतं?”

चिमुरडीने गंभीरपणे विचार केला.

“मला वाटतं,” ती म्हणाली, “आधी आपण सगळे जिन्याने खाली जाऊ. मग सांगते.”