डोळ्यांवरची काळी पट्टी

नजर आधी कुठे जाते

पोस्टर वाचायला विकासला हितेंद्रनेच शिकवलं होतं. हितेंद्रचं परळच्या गल्लीत फ्लेक्सचं दुकान, विकासची शाळेची व्हॅन. दुपारी मुलं घरोघर सोडून झाली की विकास दुकानात येऊन टेकायचा. स्क्रीनवर कुणाचा तरी वाढदिवस असायचाच. हितेंद्र विचारायचा, "नजर आधी कुठे गेली? पटकन सांग, डोकं नको लावू."

"गॉगलवर."

"मेला मग तो भाऊ. लोक गॉगल बघून पुढे गेले."

दोघं एका चाळीतले, एका मजल्यावरचे. हा खेळ त्यांचा पाच-सहा वर्षांचा.

तर त्या शुक्रवारी सकाळी विकास अकरा मुलं घेऊन लालबागच्या सिग्नलला उभा होता. मागच्या सीटवरून दुसरीतला राजस म्हणाला, "व्हॅनकाका, तुमचा फोटो."

विकासने मान वर केली. नजर आधी डोळ्यांवर गेली. म्हणजे डोळे जिथे असायला हवे होते तिथे. तिथे काळी पट्टी होती.

अक्षरं

आज हा.
उद्या तुमचं मूल.
नशेला नाही म्हणा.

रंग

चेहरा पिवळट केलेला. गालाखाली सावली ओढून गाल आत घातलेला. ओठ काळपट. तरी डावा कान तसाच होता, लहानपणी मांज्याने चिरलेला, वरचा तुकडा नसलेला. ओळख पटायला चाळीत कुणालाही त्याहून जास्त काही लागत नव्हतं.

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजले. विकासने गाडी पुढे काढली. मुलांनी काका हिरो झाले म्हणून गोंधळ घातला. त्याने रेडिओ मोठा केला.

गाडी चालवता चालवताच त्याचं डोकं पोस्टर सोडवायला लागलं. सवय ती, जात नाही. पट्टी कशाला लावतात? माणूस ओळखू येऊ नये म्हणून. पण पेपरात पट्टी कुणाच्या डोळ्यांवर असते? धरलेल्या माणसाच्या. म्हणजे पट्टी दिसली की आधी कळतं की यानं काहीतरी केलंय, आणि कोण ते माणूस नंतर शोधतो. आणि अक्षरं कुणाशी बोलतायत? नशा करणाऱ्याशी नाही, तो कशाला वाचतोय. ती बोलतायत आई-बापाशी. सकाळी पोरांना शाळेत पाठवणाऱ्या आई-बापाशी. पोरं देतात कुणाच्या हाती?

त्याने रेडिओ बंद केला.

आई

जाईबाईंनी पोस्टर बाजारात जाताना पाहिलं, खाली छापणाऱ्या दुकानाचं नाव वाचलं आणि नळावर हितेंद्रच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "माझ्या पोरानं सुपारीचं खांड कधी तोंडात टाकलं नाही. त्या हित्याला माझ्या हातची भाकर खाताना नाही सुचलं काय?" विकासला बरं वाटलं.

शनिवारी सकाळी तो आंघोळ करून बाहेर आला, तर आई बादलीपाशी वाकली होती. त्याचा शर्ट भिजवायच्या आधी तिने नाकाशी धरला होता.

"काय करतेस?"

"घामाचा वास मारतोय काय, बघते."

"इतकी वर्षं माझे कपडे धुतेस. वास कधी घेतलास?"

जाईबाईंनी शर्ट बादलीत बुडवला. हात पाण्यातच ठेवून वाकूनच राहिल्या.

विकास तडक दुकानात गेला. तोपर्यंत त्याला फक्त मित्राचा राग आला होता. आता त्याला पोस्टरची भीती वाटली. जन्म दिलेल्या बाईवर ज्याचा परिणाम होतो, त्यापुढे बाकीच्यांचं काय.

काय कापलं

"बघितलंस तू," हितेंद्र म्हणाला. खुर्चीतून उठला नाही.

"अकरा पोरांनी बघितलं."

"पट्टी लावलीय रे. पट्टी असली की ओळखत नाय कोण."

"राजस सात वर्षांचा आहे. त्याने ओळखलं."

हितेंद्रने माउस उगाच हलवला. मग भडाभडा बोलायला लागला. नशामुक्तीच्या संस्थेचं काम होतं. पहिल्यांदा नेटवरचे चेहरे लावले. गोरे, दाढीवाले, सुई टोचून घेणारे. संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, हा आपला वाटत नाही. बघणारा म्हणेल, आपल्याकडे असलं नसतं. आपल्यातला माणूस द्या. साधा, भला दिसणारा. याच्याकडे मी माझं पोर सोडलं असतं असं वाटायला पाहिजे.

"ते सोडतातच माझ्याकडे."

"तेच तर. म्हणून लागू पडलं ना पोस्टर." त्याच्या आवाजात कामाचा अभिमान आला आणि मग त्याचा त्यालाच तो ऐकू आला.

"मूळ फोटो काढ."

"कशाला आता—"

"काढ."

फोटो उघडला. सात डिसेंबरची सकाळ, शिवाजी पार्कची भिंत. तीन दिवस दोघं तिथे पाणी वाटत होते, गावागावांतून बाबासाहेबांच्या दर्शनाला आलेल्या माणसांना रांगेत धीर देत होते, हरवलेल्या म्हाताऱ्या शोधून देत होते. शेवटची रांग ओसरली आणि दोघं भिंतीला पाठ लावून बसले ते बसलेच. विकासचे डोळे लाल, तोंड अर्धवट उघडं, दंडावर स्वयंसेवकाची निळी फीत. शेजारी हितेंद्र, हसरा, त्याचा हात विकासच्या खांद्यावर. कुणीतरी मोबाईलवर टिपलेला. विकासच्या घरी हाच फोटो बाबासाहेबांच्या तसबिरीखाली चिकटवलेला होता.

पोस्टरमध्ये फीत कापली होती. हितेंद्र कापला होता. फक्त त्याची चार बोटं खांद्यावर राहिली होती, काळीकुट्ट करून, नखं लांबवून.

"हा तुझा हात."

"कापला असता तर खांदा तुटत होता," हितेंद्र हळूच म्हणाला. "मग म्हटलं, राहू दे. मॅडमना तोच जास्त आवडला. म्हणाल्या, नशेचा हात, काय कल्पना आहे."

विकास म्हणाला, "सोमवारपासून शाळांच्या गेटवर लागणार ना हे? थांबव."

"माल गेला रे छापून. माझ्या हातात नाही."

"मग अजून एक छाप. हा फोटो, आख्खा. तू, मी, फीत. अक्षर एक नको. माझ्या शाळेच्या गेटवर याच्याच शेजारी लाव. बघतील लोक, कळेल त्यांना फोटो कुठला आहे ते."

हितेंद्रने स्क्रीनकडे पाहिलं, बाहेर पाहिलं.

"माझं तोंड नको त्यात, विक्या. दुकान आहे माझं. गिऱ्हाईक म्हणेल, हा पण त्यातलाच."

"कशातला?"

हितेंद्र चहा सांगू का म्हणाला.

खुलासा

आपल्याकडे फ्लेक्सने बिघडलेलं फ्लेक्सनेच निस्तरायची रीत आहे. हितेंद्रला काय वाटलं कोण जाणे, रविवारी त्याने न विचारता एक बॅनर छापला आणि सोमवारी पहाटे स्वतः जाऊन शाळेसमोर, पोस्टरच्या बाजूला बांधला.

आमचा लाडका मित्र विकास
व्यसनी
नाही!

जागा लांबट होती, उभी. तीन ओळी पडल्या. हात जोडलेला विकास, या वेळी डोळे उघडे, कान ठळक. शेजारच्या पोस्टरवर तोच कान. शुक्रवारी ज्यांनी ओळखलं नव्हतं, त्यांना आता जोडी लावून मिळाली. खाली चाळीतली चौदा नावं होती. विकासने दोनदा वाचली. हितेंद्रचं नव्हतं.

नजर आधी कुठे जाते ते त्याला विचारायची गरज नव्हती. गेटवर उभे असलेले पालक मधली ओळ वाचत होते.

त्याने बॅनर सोडवला. गाठी घट्ट होत्या, दाताने सोडवाव्या लागल्या. तेही सगळ्यांनी पाहिलं.

फोन

"विकास, मी राजसची आई. आम्हाला माहितीये हो, तुम्ही तसले नाही. पण यांचं म्हणणं असं की थोडे दिवस आम्हीच सोडू. तुम्ही वाईट नका वाटून घेऊ."

"तुम्हाला माहितीये ना, ताई?"

"हो हो, अगदी."

"मग?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "बघते हं, नंतर करते," असं म्हणून तिने फोन ठेवला.

तीन वर्षांपूर्वी व्हॅन ठरवताना याच बाईंनी त्याला आडनाव विचारलं होतं, आणि सांगितल्यावर "आम्ही काही तसलं मानत नाही" असं म्हणाल्या होत्या. तो आवाज आणि हा आवाज एकच होता. तेव्हा त्याने ते खरं मानलं होतं.

मंगळवारी सात मुलं आली. बुधवारी चार. रिकाम्या सीटवर मुलांनी दप्तरं ठेवली आणि ऐसपैस बसली.

ग्रुप

बुधवारी दुपारी विकास घरी पलंगावर बसून पालकांच्या ग्रुपवर लिहायला लागला. आधी सगळं लिहिलं. सात डिसेंबर, पाण्याची टाकी, फीत. वाचून पाहिलं. नजर आधी 'नशा' या शब्दावर गेली. पुसलं. तो शब्द न घालता लिहिलं, तर लपवतोय असं दिसायला लागलं. तेही पुसलं. तिसऱ्यांदा फक्त चूक कुणाची ते लिहिलं. ते खरं होतं, पण चुगलीसारखं वाटलं. चौथ्यांदा लिहिलं:

उद्यापासून व्हॅन बंद करत आहे. शाळेच्या दुसऱ्या व्हॅनचा नंबर खाली देत आहे. मुलांना सांभाळून पाठवा. विकास.

पाठवलं, आणि कुणी तरी का म्हणून विचारेल म्हणून मोबाईल हातातच धरून बसला. विचारलं असतं तर सांगायला आता सगळं तयार होतं.

पहिला अंगठा राजसच्या घरून आला. मग दुसरा. एकाने हात जोडले, एकाने नंबरबद्दल आभार मानले. मग अंगठेच.

जाईबाई डाळ निवडत होत्या. मोबाईल सारखा वाजतोय म्हणून त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"काय म्हणतायत रे सगळे?"

"हो म्हणतायत," विकास म्हणाला.