नखावरची गांधीलमाशी

वाडीतल्या केळीवर बसलेल्या प्रार्थनाकीटकाच्या पंखाखाली तिळाएवढा काळा जीव होता. तो ओळखायला ॲंजेलाने भिंग काढलं, तेवढ्यात चर्चमधल्या मिस्साहून आलेल्या ज्युडकाकांनी तो अंगठ्याच्या नखाने चिरडला.

"बिचारा हात जोडून प्रार्थना करतोय, आणि तू त्याच्या उवा बघत बसलीस?"

"प्रार्थना नाही, सावजावर टपलाय तो. आणि ती ऊ नव्हती. द्या अंगठा इकडे."

तिने त्यांचा अंगठा ओढून घेतला. भिंगाखाली चिरडलेल्या जिवाची मागची फुगीर मांडी दिसली, तिच्यावर करवतीसारखे दात.

"परजीवी गांधीलमाशी. हा कीटक अंडी घालेपर्यंत ही त्याच्या पंखाखाली थांबते, मग त्यांत आपली घालते."

"मग मेली ते बरंच झालं."

"मला ती जिवंत बघायची होती, काका," ॲंजेला म्हणाली आणि त्यांचा अंगठा झटकून घरात गेली.