निम्म्याची निम्मी

शेफालीच्या हातातला पेला उडाला. निसटला नाही, उडाला. कोपराला खालून कोणीतरी टपली मारावी तसा. धण्याचं पाणी ओट्यावर, फरशीवर आणि सत्यशीलाबाईंच्या साडीवर सांडलं.

सत्यशीलाबाईंनी फडकं घेऊन ओटा पुसला. पेला विसळला, पुन्हा भरला आणि मुलीच्या हातात दिला.

"पी. निचरा झाला पाहिजे."

सकाळी हात असे उडायला लागले की पुढे काय येतं, ते दोघींनाही ठाऊक होतं. सोळाव्या वर्षी पहिली फिट आली, तेव्हाही आधीचा आठवडाभर घरात कप फुटत होते. मग गोळ्या सुरू झाल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि गेली चार वर्षं फिट आली नव्हती. डॉक्टर दर खेपेला एकच गोष्ट बजावायचे: जेवण चुकलं तर चुकू दे, गोळी चुकवू नकोस. आज गोळीशिवायचा सहावा दिवस होता. ती विसरली नव्हती. आईने गोळ्यांचा डबा उचलून स्वतःच्या कपाटात ठेवला होता आणि तिने तो ठेवू दिला होता. अठ्ठावीस वर्षांची बाई, कंपनीत चौदा माणसांना कामं वाटून देणारी. ठेवू दिला.

कारण खरं सांगून दोनदा झालं होतं. पहिल्या स्थळाने "कळवतो" म्हणून कळवलं नाही. दुसऱ्याने कळवलं, पण सगळ्या नात्यागोत्याला. तेव्हापासून लग्नकार्यात बायका शेफालीला खुर्ची आणून द्यायच्या आणि स्वतः जरा लांब बसायच्या. हे तिसरं स्थळ लोणी काळभोरचं. मुलगा ऋषी, अबोल, मगरपट्ट्यात नोकरीला. त्याचे वडील इंद्रजीतराव स्वतःला सुधारलेले समजत. पत्रिकाबित्रिका आपण मानत नाही, असं त्यांनी बैठकीत सांगितलं. लग्नाआधी दोघांचं रक्त तपासून घेऊ, ही त्यांचीच सूचना. सगळ्यांनी माना डोलावल्या. सत्यशीलाबाईंनीही डोलावली, आणि घरी आल्याबरोबर भावाला फोन लावला.

महिपतीमामाचं वारज्यात औषधांचं दुकान. त्याने भाचीला काउंटरच्या आत बोलावून सगळं समजावलं होतं. ही गोळी लिव्हरच्या फारशी नादी लागत नाही, बहुतेक किडनीतूनच बाहेर पडते. दर सात-आठ तासांनी रक्तातली निम्मी जाते. मग उरलेल्या निम्म्याची निम्मी, मग तिची निम्मी. अगदी शून्य कधी होत नाही, पण दोन दिवसांत एवढी कमी होते की कुठल्या मशीनला सापडायची नाही. फिटचं काय, असं तिने विचारलं, तेव्हा मामा गिऱ्हाईकाकडे वळला. वळता वळता म्हणाला, "मी सांगितलं असं कुठे बोलू नकोस."

मामाने दोन दिवस सांगितले, आईने वर चार स्वतःच्या मनाचे घातले. शिवाय धण्याचं पाणी, बार्लीचं पाणी, रोज एक शहाळं. रक्त म्हणजे जणू पितळी तांब्या. चिंच लावून घासला की लख्ख.

त्याच सकाळी लॅबमध्ये इंद्रजीतराव आधीच येऊन बसले होते. रक्त काढणाऱ्या मुलीच्या कोटावर 'पूर्वा' अशी पट्टी होती. तिने फॉर्म पुढे ओढला आणि शेफालीला विचारलं, सध्या काही औषधं चालू आहेत का.

"छे," मागून सत्यशीलाबाई म्हणाल्या. "डोकेदुखीचीसुद्धा घेत नाही ती."

पूर्वाने 'नाही'वर खूण केली. मग ऋषीचा फॉर्म घेतला. त्याने तोंड उघडायच्या आत इंद्रजीतराव हसले.

"ह्याला? ह्यानं जन्मात गोळीचं पाकीट फोडल्यालं नाय."

तिथेही 'नाही'. वडीलधाऱ्यांना बाहेर बसवून पूर्वाने दोघांना आत घेतलं. शेजारी शेजारी दोन खुर्च्या. शेफालीच्या दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली. नळी भरत असताना शेफालीने हळूच विचारलं, आधी घेतलेल्या गोळ्या यात कळतात का.

"यात?" पूर्वाने मान वर केली नाही. "रक्तगट, थॅलेसेमिया, एचआयव्ही, किडनी, लिव्हर. एवढंच सांगितलंय. गोळी शोधायची टेस्ट वेगळी असते, डॉक्टरांनी गोळीचं नाव घालून लिहून द्यावी लागते. आपोआप काही दिसत नाही मॅडम. इथे रक्त तपासतात, चारित्र्य नाही."

मग तिने ऋषीचं रक्त काढलं, दोघांना कापसाचा बोळा दाबून पाच मिनिटं बसायला सांगितलं आणि नळ्या घेऊन आत गेली.

शेफाली समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. सहा दिवस. तिला हसू येत होतं आणि ते वर येऊ नये म्हणून तिने ओठ आत घेतले होते.

"तुमचा कितवा दिवस?" ऋषीने विचारलं. तो बोळ्याकडे बघत होता.

 तिला खोटं बोलायचा कंटाळा आला.

"सहावा. फिटची गोळी आहे. तुमचा?"

"अकरावा." कशाची ते त्याने सांगितलं नाही. "मान वळवली की डोक्यात करंट बसतो. झोप नाही. बाबा म्हणतात, मनाचे खेळ आहेत. पाकिटं त्यांच्याकडेच आहेत."

"मागून घ्या. आजच. ऐकलंत ना, यात काही सापडत नाही."

त्याने मान हलवली, अगदी सावकाश, करंट बसू नये अशा बेताने. दोघंही थोडं हसली. बैठकीत तासभर समोरासमोर बसून जे झालं नव्हतं, ते पाच मिनिटांत झालं होतं. घरी परतताना रिक्षात सत्यशीलाबाई दोनदा म्हणाल्या, मुलगा आवडलेला दिसतो. शेफाली नाही म्हणाली नाही.

घरी आल्यावर तिने आईचं कपाट उघडून डबा काढला आणि पूर्वा काय म्हणाली ते सांगितलं.

"असं का? मग उगाच घाबरलो आपण," सत्यशीलाबाई म्हणाल्या. मग डब्याकडे बघून जरा घुटमळल्या. "पण आता एवढं साफ झालंय रक्त, तर लग्नापर्यंत राहू दे की तसंच."

शेफालीने त्यांच्यासमोर गोळी तोंडात टाकली.

संध्याकाळी इंद्रजीतरावांचा फोन आला. सत्यशीलाबाईंनी तो कौतुकाने स्पीकरवर टाकला.

"ताई, रिपोर्ट समदे चांगले आलं. पण तुमच्या मुलीला फिट येत्यात. तुम्ही ते लपवलं, हे काय बरं न्हाई केलं." आवाज चढलेला नव्हता. "आमच्या ऋषीनंच सांगितलं. त्याला खोटं खपत नाय. पोरगं खरं बोलणारं हाय आमचं."

फोन बंद झाला.  सत्यशीलाबाईंचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"तो तुझ्या शेजारीच बसला होता ना? काही बोलला? काही खोट दिसली त्याच्यात? असली तर सांग. नात्यातल्या दोनशे माणसांच्या ग्रुपवर टाकते आत्ताच्या आत्ता."

अंगठा मोबाइलवर तयार होता. शेफालीच्या जिभेवर अकराचा आकडा आला होता. लग्नकार्यातल्या, जरा लांब ठेवलेल्या त्या खुर्च्या तिला दिसल्या.

"नाही," ती म्हणाली. "ठणठणीत आहे तो."

"खरं सांगतेस?"

"तुझ्याइतकंच."