तीन गिअरची मूठ

‘दूर लोट, पुढे रेट, गाडी जाई मांगे थेट. तठून ओढ पोटाकडे, पहिला गिअर सोता पडे.’

चाळीस वर्षांपूर्वीचा तो आवाज कानात घुमत असतानाच रत्नाने दुकानात उभ्या अँबॅसेडरच्या गिअरच्या दांड्यावरची पांढरी मूठ उलटी फिरवायला घेतली. धुळ्याच्या स्टँडवर टॅक्सी लावून तिचा बाप जीवराम तिला हे शिकवायचा. जात्यावर म्हणावं तसं चालीत म्हणायचा, आणि चाल चुकली की हातातला पाना तिच्या बोटांवर बसायचा. डाव्या हाताचं मधलं बोट अजूनही पुरतं सरळ होत नव्हतं.

“आधी तेच काहून काढता, अक्का?” तेजस दारातून म्हणाला. “सीट काढा ना. मोठं सामान आधी.”

“सीट ओढताना दांडा आडवा येतो.”

हे खोटं होतं. मूठ निघाली तशी तिने ती पदराखाली घेतली.

तेजसला थांबवत नव्हतं. त्याने तिच्याच हत्यारांतला हातोडा उचलला, खिडकीतून वाकला आणि डॅशबोर्डवरच्या काट्यांच्या गोल तबकड्यांवर घातला. काचा गादीवर उडाल्या. दुसरा घाव, तिसरा. लाल रेक्झिनवर, रत्नाने आठ दिवस खपून घातलेल्या टिपांवर, काचांचा चुरा पसरला.

“बठ्ठं फोडा,” तो धापा टाकत म्हणाला. “मंग ही भंगारात घालतो. बापाले खाल्लं हिनं.”

जळगावात ट्रक उभे राहतात त्यामागच्या गल्लीत रत्नाचं गाड्यांच्या गाद्या शिवायचं दुकान होतं. नवरा गेल्यापासून एकटीच चालवायची. चार महिन्यांपूर्वी तेजसचा बाप, रावेरचा केळीवाला प्रेमराज, आपली अँबॅसेडर घेऊन आला आणि हसत म्हणाला होता, “अक्का, हिले आतून म्हातारी करून द्या.” धुळ्या-मालेगावच्या भंगारातून त्याने जमवलं होतं सगळं: त्याहून जुन्या गाडीची अखंड पुढली सीट, काट्यांच्या गोल तबकड्या, आतल्या कडीचा हॉर्न असलेलं स्टिअरिंग. लेकीच्या रुखवताचं सामान दाखवावं तसा एकेक वस्तू काढून दाखवत होता. उणी होती ती फक्त गिअरची मूठ. तेव्हा रत्नाने पत्र्याच्या डब्यातून बापाच्या टॅक्सीची मूठ काढली. हस्तिदंती रंगाची, हाताने झिजून गुळगुळीत झालेली, वर गिअरच्या रेघा कोरलेल्या. प्रेमराजने ती कपाळाला लावली होती.

तीच मूठ आता तिच्या पदराखाली होती.

प्रेमराज गेला तो केळीच्या वखारीत, पंचवीस मजुरांच्या डोळ्यांदेखत. सकाळपासून त्याचं आणि धाकट्या भावाचं, नवलचं, वाटणीवरून वाजलं होतं. आईबहिणीवर शिव्या गेल्या. नवल रागारागाने, कधी हात न लावलेल्या अँबॅसेडरमध्ये बसला. प्रेमराज बॉनेटसमोर हात पसरून उभा राहिला, “ने, नेऊन दाखव माझी गाडी!” आणि गाडी पुढे झेपावली. प्रेमराजच्या मागे केळीचा ट्रक होता. बॉनेट आणि ट्रकचा फाळका यांच्यामध्ये माणूस उसासारखा पिळला गेला. नवल ओरडत राहिला, “मी रिव्हर्स टाकला व्हता!” मजुरांनी त्याला ओढून बाहेर काढलं, पार दात पडेस्तोवर मारला, आणि पोलिसांच्या हवाली केला. गुन्हा खुनाचा लागला.

तपासणीच्या साहेबांनी गाडी चालवून पाहिली. ब्रेक ठीक, गिअर ठीक. सरावलेला हात मुठीकडे बघत नाही. रत्नाच्या दुकानात हवालदार आला, तेव्हा ती म्हणाली, “मी नुसत्या गाद्या शिवते.”

त्या रात्रीपासून तिला अन्न गोड लागलं नव्हतं. आता गाडी पोलिसांकडून सुटून आली होती, मूठ हातात होती. भंगाराच्या भट्टीत ती वितळली की विषय संपला.

“तेजस!”

गल्लीच्या तोंडाशी नवल उभा होता. जामिनावर सुटून आठवडा झाला होता. गाल आत गेलेले, ओठ शिवलेले.

“गाडी मोडू नको, बेटा. एकदा मले बसू दे. मी दाखवतो हात कसा गेला ते. मंग मोड.”

“तू? तू बसशील?” तेजसने हातोडा टाकला आणि जॅकची दांडी उचलली. “बापाच्या तेराव्याले जेलात व्हता, गाडीच्या आला व्हय रे?”

पहिला फटका खांद्यावर बसला. नवलने हात वर केला नाही. दुसरा गुडघ्यावर. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि तो शिवणमशीनपाशी कोसळला. समोरच्या टायरवाल्यांनी मान वर केली, चहाच्या टपरीवरची माणसं उठली. पण कुणी पुढे आलं नाही. मेलेल्याचा पोरगा मारत होता.

“मी रिव्हर्स टाकला व्हता,” नवल रक्त थुंकत म्हणाला. “तुझ्या बापाची आण. मुठीवर बघून टाकला.”

“भावाले मारून त्याचीच आण खातो!”

दांडी डोक्यावर उगारली गेली. रत्ना मध्ये पडली. घाव तिच्या मनगटावर उतरला, डोळ्यांपुढे पांढरं झालं, पण मूठ सुटली नाही.

“गाडीत बैस,” ती तेजसला म्हणाली.

“सरका, अक्का!”

“बैस म्हणते ना! मारायचंच असेल तर नंतर मार. मी धरून देईन.”

तिचा आवाज असा लागला की तो बसला. तिने सुजत्या हाताने मूठ परत दांड्यावर चढवली. नवलला काखेत धरून बाजूला ओढलं.

“मुठीवरच्या रेघा बघ. मागं जायचंय तुला. बघून टाक.”

तेजसने वाकून पाहिलं. डावीकडे वर रिव्हर्सची खूण. त्याने क्लच दाबला, दांडा तिकडे नेला.

“आता क्लच सोड. किल्ली फिरव.”

गाडी गुरगुरली आणि एक हिसका देऊन पुढे आली. शिवणमशीन आडवं झालं, लाकडी बाक कडकन मोडला. तेजसचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं.

टपरीवरची माणसं दुकानाच्या दाराशी आली.

“ती मूठ तीन गिअरच्या गाडीची आहे,” रत्ना म्हणाली. “तिचा रिव्हर्स जिथं, तिथं या गाडीचा पहिला. माझ्या बापाच्या टॅक्सीची होती. मीच बसवली.”

तेजस खाली उतरला. कपाळावरून रक्त भुवईत उतरत होतं, ते त्याने पुसलं नाही. नवलपाशी गेला, उभा राहिला, मग खाली बसला. काकाच्या मोडलेल्या गुडघ्याला हात लावावा की नाही, ते त्याला कळेना.

“काका,” एवढंच म्हणाला.

नवलने त्याची मान धरून आपल्या छातीशी ओढली. दोघेही बराच वेळ हुंदक्यांनी हलत राहिले. टपरीवाल्याने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. कुणीतरी रिक्षा बोलवायला धावलं.

“अक्का,” तेजस नाक ओढत म्हणाला, “तुमचा हात बी मोडला की काय. चला तुम्ही बी दवाखान्यात.”

“मले वाचवलं तुम्ही,” नवल म्हणाला. दात नसल्याने शब्द फुटत होते. “कोर्टात एवढं सांगा फक्त. मनाले लावून घेऊ नका. चूक व्हते माणसाकडून.”

“तर काय,” टायरवाला पुढे होत म्हणाला. “बाईमाणूस, गाद्या शिवणारी. तिले गिअरचं काय समजते?”

तेजसने मान हलवली. “तुमचा काय दोष, अक्का? तुमाले कुठं माहीत व्हतं.”

रिक्षा आली. दोघांनी नवलला उचललं. रत्नासाठी कुणीतरी पुढची जागा मोकळी केली, तिच्या दुखऱ्या हाताखाली घडी करून टॉवेल धरला. सगळे तिच्या चढण्याची वाट बघत होते.

ती चढली नाही. जळगावात इतकी वर्षं जिभेवर न आलेली धुळ्याची बोली तिच्या तोंडून बाहेर पडली.

“माले म्हाईत व्हतं, तेजस. मूठ बसाडतानाच म्हाईत व्हतं.”